न बघता लिहिलेलं ‘नॉर्मल’: पडद्यावरच्या आजी आणि शारीरिक तपासणीचा एक धडा

आमच्या आजी ६२ वर्षांच्या. मधुमेह १२ वर्षांचा. गोळ्या कधी घेतात, कधी विसरतात. तीन दिवसांपासून कणकण आहे, अंग मोडून आलंय, भूक मेली आहे, जरासा खोकलाही आहे. नवऱ्याने ओपीडीत आणून सोडलं आणि तो बाहेर बाकावर बसला आहे. या आजी संगणकाच्या पडद्यावर राहतात. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या मुलींनी त्यांना प्रश्न विचारायचे, डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, तपासणीचा कागद भरायचा आणि डॉक्टरांना काय कळवायचं ते चार ओळींत लिहायचं, एवढं काम आम्ही दिलं होतं.

तापाचं मूळ डाव्या पायात होतं. दुसऱ्या बोटातल्या जोडव्याखाली, बोटांच्या बेचक्यात एक ओली जखम होती. भातलावणीत चिखल्या झाल्या, कातडी भेगाळली, मधुमेहाने पाय बधिर झाल्यामुळे दुखलं नाही, आणि जोडव्यामुळे दिसलंही नाही. बहुतेक मुलींना ती सापडली नाही. याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही, पहिल्याच खेपेला सापडावी अशी ती जखम नव्हती. आश्चर्य वाटलं, आणि नंतर वाईट वाटलं, ते दुसऱ्याच गोष्टीचं.

आजी कशा घडल्या

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सुधारित अभ्यासक्रमानुसार २०२१ पासून सेमिस्टर पद्धत आली आणि शारीरिक तपासणी दुसऱ्या सेमिस्टरच्या ‘नर्सिंग फाउंडेशन’मध्ये घातली गेली. म्हणजे बारावी होऊन वर्षही न झालेल्या मुलीने अनोळखी माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा, पोट चाचपायचं, पाय हातात घ्यायचे. वॉर्डात तिच्यासोबत आणखी सात-आठ जणी त्याच खाटेभोवती असतात. एक तपासते, बाकीच्या बघतात, आणि पाचव्या मुलीची पाळी येईपर्यंत रुग्ण कंटाळतो. ‘किती येळा पोट दाखवू गं?’ असं विचारणाऱ्या बाईला माझ्याकडे कधीच उत्तर नसतं.

कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, पुतळा आहे. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलने नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी माणसाएवढी बाहुली आणली. तिला मुली ‘मिसेस चेस’ म्हणत. आमचा पुतळा तिच्याच कुळातला. त्याची कूस बदलता येते, नळी घालता येते, पण त्याला ‘काय होतंय?’ असं विचारता येत नाही. दुसरी वाट १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने दाखवली. त्याने धडधाकट माणसाला रुग्णाची लक्षणं शिकवली आणि विद्यार्थ्यांसमोर बसवलं. ही पद्धत मला सगळ्यांत आवडते, पण साठ मुलींसाठी तशी माणसं रोज कुठून आणायची? आभासी रुग्ण या दोघांच्या मधला आहे. तो बोलतो, थकत नाही, आणि साठ जणींना साठ वेळा पोट दाखवतो.

अमेरिकेत शॅडो हेल्थ या सिम्युलेशन (कृत्रिम सराव) प्रणालीतली टीना जोन्स नावाची आभासी रुग्ण नर्सिंगच्या मुलांमध्ये चांगलीच ओळखीची आहे. २८ वर्षांची, मधुमेह आणि दमा असलेली, पायाला जखम झालेली. तिची रचना मन लावून केलेली आहे. पण टीना इंग्रजी बोलते, तिचं घर आणि तिची नोकरी तिथली, आणि मुख्य म्हणजे ती स्वतःच पायाची तक्रार घेऊन येते. आमच्या वॉर्डातली बाई पायाबद्दल बोलत नाही. ‘पायाला काय हुतंय, चिखल्या तर दरसालच्याच’ असं तिला वाटतं. म्हणून आम्ही आमच्या आजी घरीच घडवायचं ठरवलं.

मूडल ही संगणकावरून शिकवण्याची मोफत प्रणाली कॉलेजमध्ये होतीच. तिच्यातल्या ‘लेसन’ प्रकारात एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी बटणं ठेवता येतात. मुलीने प्रश्न निवडला की उत्तराचं पान उघडतं, अवयव निवडला की निष्कर्षाचं. आवाज एका निवृत्त सिस्टरांनी दिला. त्या कोल्हापुरातल्या शाहूवाडीकडच्या, तिकडची बोली त्यांच्या तोंडात मुरलेली. ‘तीन दिस झालं कणकण हाय’ हे त्यांनी असं म्हटलं की ध्वनिमुद्रण करणारा आमचा संगणक शिक्षक क्षणभर थांबलाच. पायाचे फोटो आमच्या एका वॉर्ड मावशींचे, त्यांच्या परवानगीने. जखम कणकेची, तिच्यावर व्हॅसलीन आणि थोडं कुंकू. फुप्फुसांचे आणि आतड्यांचे आवाज मुक्त परवान्याचे घेतले.

आजींची मोजमापं अशी ठेवली: ताप १००.८ फॅरनहाइट, नाडी १०८, श्वास मिनिटाला २२, रक्तदाब १३०/८४, ऑक्सिजन ९७ टक्के, रक्तातली साखर ३४२. ती उगीच निवडलेली नव्हती. पायाला संसर्ग असलेल्या मधुमेहीचा ताप ३८ सेल्सियसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर, नाडी ९०च्या वर आणि श्वास २०च्या वर गेला असेल, तर संसर्ग पायापुरता राहिलेला नाही. मग ड्रेसिंग करून घरी पाठवून चालत नाही, डॉक्टरांना ताबडतोब बोलवावं लागतं. त्या आकड्यांकडे बघून कुठल्याही मुलीने ‘हा संसर्ग आहे कुठे?’ असं विचारावं, ही अपेक्षा होती. खोकला मुद्दाम ठेवला होता, लक्ष छातीकडे जावं म्हणून.

पायाचं पान तीन पायऱ्यांचं होतं. पहिल्या फोटोत पाय वरून दिसतात: डाव्या पायाचं दुसरं बोट जरा फुगलेलं, कातडी तकतकीत, बाकी काही नाही. ‘हाताची पाठ टेकवून दोन्ही पाय ताडून बघा’ असं निवडलं तर डावा पाय गरम असल्याचं कळतं. आणि ‘जोडवी सरकवून बेचक्यात बघा’ असं निवडलं तरच जखम दिसते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. पुस्तकातली ‘लालसर त्वचा’ बहुतेक वेळा गोऱ्या पायावर छापलेली असते. आपल्याकडच्या सावळ्या पायावर तीच लाली जांभळट-काळपट दिसते, कधी कधी दिसतच नाही. त्यामुळे हाताची पाठ हेच खरं साधन. हे मी वर्गात दर वर्षी सांगते. पण फोटोमध्ये लाली न दिसता पाय गरम निघाला, तेव्हा ते मुलींच्या डोक्यात उतरलं.

नोंदवहीत काय होतं

मूडल प्रत्येक पान कोणी कधी उघडलं याची वेळेसह नोंद ठेवतं. मुलींना हे आधी सांगितलं होतं. मला मात्र त्या नोंदीचा उपयोग उपस्थितीपलीकडे होईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदी आणि भरलेले कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. खोकला ऐकल्यावर बहुतेकींनी थेट फुप्फुसांचं पान उघडलं होतं. ते साहजिक होतं. कित्येकींनी पोटावर आधी ठोकून, चाचपून बघितलं आणि मग आतड्यांचे आवाज ऐकले. हा क्रम चुकीचा. पोटाला हात लावला की आवाज बदलतात, म्हणून पोटाच्या बाबतीत नजर, मग कान, मग बोटं. परीक्षेत हा क्रम विचारला तर याच मुली घडाघडा सांगतात. साखर ३४२ आली तेव्हा काहींनी लघवीची तक्रार विचारली, ते मला आवडलं.

मग मी कागदांवरच्या ‘हातपाय’ या रकान्याशी पोहोचले. एकामागून एक कागदावर तिथे ‘नॉर्मल’ लिहिलेलं होतं. काहींनी सविस्तर लिहिलं होतं: ‘सूज नाही, त्वचा अखंड, नाडी लागते.’ नोंदीत बघितलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणींनी पायाचं पान उघडलेलंच नव्हतं.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. गेली कित्येक वर्षं वॉर्डातून आलेले असेच कागद मी तपासते आहे. त्या प्रत्येक कागदावर हा रकाना होता, तो भरलेला होता, आणि मी त्यावर बरोबरची खूण केली होती. त्यांतल्या किती मुलींनी खरोखर चादर बाजूला करून पाय बघितले होते, हे मला कधीच कळलं नसतं. मुलगी खाटेपाशी उभी असते तेव्हा तिची नजर कुठे गेली याची नोंद कुठेच होत नाही.

चर्चेचा तास

माझी पहिली प्रतिक्रिया चुकीची होती. नोंदी नावासकट प्रोजेक्टरवर दाखवायच्या, असं मी ठरवलं होतं. खोटी नोंद हा नर्सिंगमध्ये लहान गुन्हा नव्हे, आणि मला राग आला होता. माझ्या सहकारी मॅडमनी मला अडवलं. त्या म्हणाल्या, ‘त्यांनी असं का लिहिलं ते तुम्हाला ऐकायचंय, की त्यांना रडवायचंय?’ मग नावं काढली, आणि प्रश्नही बदलला. ‘पाय का नाही बघितले?’ असं न विचारता मी विचारलं, ‘पायाच्या रकान्यात लिहिताना तुमच्या मनात काय होतं?’

आधी शांतता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, रकाना रिकामा ठेवला तर मार्क जातात.’

बाकीच्यांच्या माना हलल्या. ती खरं बोलत होती. आमच्या तपासणीच्या कागदाला गुण देताना ‘नोंद पूर्ण आहे’ याला वेगळे गुण आहेत. रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण नोंद. ‘बघितलं नाही’ असं लिहायला कागदावर जागाच नाही. दुसरी म्हणाली, ‘वॉर्डात सिस्टर पण म्हणतात, काही नसेल तर नॉर्मल टाक.’ तिसरीचं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं: ‘मॅडम, त्यांनी पायाचं काही सांगितलंच नाही. म्हणजे नॉर्मलच असणार ना?’ म्हणजे तिच्या लेखी ‘नॉर्मल’चा अर्थ ‘तपासलं आणि ठीक निघालं’ असा नव्हताच. तक्रार नाही, एवढाच होता. हा अर्थ तिला कोणी शिकवला नव्हता. आमच्या कागदाने तो आपोआप शिकवला होता.

पुढचा अर्धा तास आम्ही फक्त या एका शब्दावर बोललो. रात्रपाळीच्या सिस्टरांनी सकाळच्या कागदावर ‘पाय नॉर्मल’ वाचलं, तर त्या पाय बघतील का? नाही बघणार. डॉक्टर राउंडला आले, तर? कदाचित तेही नाही बघणार. म्हणजे न बघता लिहिलेला एक शब्द पुढच्या दोघांचे डोळेही बंद करतो. रकाना रिकामा असता तर कोणीतरी बघितलं असतं. हे मी सांगितलं नाही. आजींच्या पुढच्या तीन दिवसांचं काय होईल ते फळ्यावर मांडताना मुलींनीच सांगितलं. मधुमेहीच्या पायातला संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो, बोट कापावं लागू शकतं, हे त्यांनी वाचलेलं होतं. आपल्याच कागदावरच्या शब्दाशी त्याचा संबंध असू शकतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

आभासी रुग्णाचा खरा उपयोग मला इथे दिसला. चूक झाली, ती उघड झाली, आणि कोणाचंही बोट गेलं नाही. ती चूक टेबलावर ठेवून, तिच्याभोवती बसून बोलता आलं. वॉर्डात हीच चूक झाली असती तर एकतर कळली नसती, किंवा कळली असती तेव्हा बोलण्याची वेळ निघून गेली असती.

वॉर्डातल्या बाई

दोन आठवड्यांनी हीच बॅच मेडिसिन वॉर्डात गेली. मागच्या बाकावरच्या त्याच मुलीला साखर वाढलेली पन्नाशीतली एक बाई मिळाली. मी मुद्दाम लांब उभी राहिले.

तिने हिस्टरी चांगली घेतली. पोटाचा क्रम बरोबर केला. मग पायांकडे आली, चादर बाजूला केली आणि म्हणाली, ‘मावशी, जोडवी जरा काढते हं.’ बाईंनी पाय झटकन मागे घेतला. ‘जोडवी न्हाई काढायची. मालक हाईत माझं.’

मुलगी थबकली. पडद्यावरच्या आजींची जोडवी एका बटणाने सरकत होती. नकार द्यायला आम्ही त्यांना शिकवलंच नव्हतं. हा आमचा दोष, तिचा नव्हे. ती माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं, पण ती खाली बसली, बाईंच्या पायांच्या उंचीवर. म्हणाली, ‘मी नाही काढत मावशी. तुम्हीच जरा सरकवा, मला बोटांच्या मधे बघू द्या. बोट सुजलं तर जोडवी रुतेल, मग कापायला लागेल.’ बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग स्वतःच्या हाताने त्यांनी जोडवी काढली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पाय पुढे केला.

जखम नव्हती. बेचक्यात चिखल्या होत्या: कातडी पांढरट, ओलसर, एका जागी बारीक भेग. मुलीने लिहिलं, ‘डाव्या पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या बेचक्यात त्वचा ओलसर, भेग, स्राव नाही, गरम नाही.’ नोंद उत्तम होती आणि तिने ती वॉर्डच्या सिस्टरांना तोंडी सांगितलीही.

मग नाडी. पायाच्या पाठीवरची नाडी तिने तीन बोटांनी दाबली आणि लगेच म्हणाली, ‘लागते.’ मी जवळ गेले आणि त्या बाईंच्या मनगटावरची नाडी मोजत तिला पायाची नाडी मोठ्याने मोजायला सांगितलं. दोन्ही जुळेनात. ती इतकं जोरात दाबत होती की तिला स्वतःच्याच बोटातले ठोके लागत होते. हलक्या बोटांनी शोधायला लावलं, घोट्याच्या आतल्या बाजूची नाडीही शोधायला लावली, कारण पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांमध्येही लागत नाही. पाच-सहा मिनिटांनी ती सापडली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आता खरंच सापडली.

पडद्यावर ‘नाडी बघा’ दाबलं की ‘लागते’ असं लिहून येतं. बोटाने काय करायचं, किती दाबायचं, केव्हा ‘मला लागत नाही’ असं कबूल करायचं, यांतलं काहीच पडदा शिकवत नाही. पायाला स्पर्श कळतो का हे बघायच्या बारीक नायलॉनच्या धाग्याचं, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचंही तसंच. तो वाकेपर्यंतच दाबायचा, रुग्णाने डोळे मिटलेले असावेत, घट्ट्यावर टेकवायचा नाही, हे वाचून कळतं, पण हाताला यायला खरा पाय लागतो.

हे लिहायचं कारण असं की आजींचं काम चांगलं झाल्याचं कळल्यावर ‘मग वॉर्डचे तास थोडे कमी करता येतील का?’ अशी विचारणा आमच्याकडे झाली. विचारणाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला दिला. १० नर्सिंग अभ्यासक्रमांत झालेल्या त्या अभ्यासात प्रत्यक्ष कामाचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले, तरी मुलांच्या ज्ञानात, कौशल्यात आणि परवाना परीक्षेच्या निकालात फरक आढळला नाही. दाखला खरा आहे. पण तिथे शिकवणारे त्यासाठी प्रशिक्षित होते, प्रत्येक प्रसंगानंतर नीट बांधलेली चर्चा होत होती, आणि मुलांच्या हाताखाली नुसता माउस नव्हता. फुकटच्या प्रणालीवर केलेल्या आमच्या आजींच्या जोरावर तसा दावा करणं मला पटलं नाही. मी स्पष्ट नाही म्हणाले. तास तेवढेच राहिले.

काय बदललं

सगळ्यांत आधी कागद बदलला. प्रत्येक रकान्यापुढे आता ‘तपासलं नाही, कारण’ अशी चौकट आहे, आणि तिथे प्रामाणिकपणे लिहिलं तर गुण जात नाहीत. ‘नॉर्मल’ हा शब्द एकटा लिहायचा नाही. काय बघितलं आणि काय आढळलं ते लिहायचं. परीक्षेच्या कागदाचा नमुना आमच्या हातात नाही, त्यामुळे हा बदल अंतर्गत गुणांपुरताच आहे, आणि याची मला खंत आहे. जुनी सवय एका कागदाने जात नाही. वॉर्डात अजूनही काही मुली रिकामी चौकट भरताना बिचकतात.

पडद्यावरचं नाडीचं बटण आता उत्तर देत नाही. ते दाबलं की पान थांबतं आणि सांगतं, ‘शेजारच्या मैत्रिणीच्या पायाची नाडी शोधा, अर्धा मिनिट मोजा, तिच्या मनगटाशी ताडून बघा, आकडा लिहा.’ तो लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. संगणक कक्षात तीस मुली एकमेकींचे पाय मांडीवर घेऊन बसतात तेव्हा गोंगाट फार होतो, पण तो मला हवासा वाटतो.

आणि आजी आता नकार देतात. सिस्टरांना पुन्हा बोलावून त्यांच्याकडून वाक्य घेतलं: ‘जोडवी न्हाई काढायची बाळा.’ त्यानंतर मुलीपुढे चार पर्याय येतात. जोडवी तशीच ठेवून पुढे जाणं, डॉक्टरांचं नाव सांगून दबाव आणणं, नवऱ्याला आत बोलवून त्याच्याकडून सांगवणं, हे तीन आम्ही शिक्षकांनी लिहिले. चौथा त्या मुलीने वर्गात येऊन सांगितला, तिच्याच शब्दांत ठेवला आहे: ‘आजी, मी हात नाही लावत. तुम्हीच काढा, आणि तुमच्याच पदराला बांधून ठेवा.’